अर्जातली दोन पानं

कोल्हापूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज वाचला, सोबत पाठवलेली पुरस्काराची सूचनाही वाचली. मानव्यविद्यांतल्या तरुण संशोधकांसाठी असे पुरस्कार मुळात मोजकेच, त्यामुळं अर्ज करू की नको हा प्रश्नच नाही. कर. "मॅडम, माझं काम त्या तोडीचं आहे का?" असं विचारलंयस, त्याचं उत्तर मी देणार नाही, त्यासाठी त्यांनी परीक्षक नेमलेत. मला बोलायचंय ते तुझ्या संशोधन-सारांशाबद्दल. त्यात माल भरपूर आहे, पण तुझा प्रश्न काय हे शोधावं लागतं. मी तुझी गाइड नसले तरी तुझं काम मला माहीत आहे, म्हणून मला तो सापडला. परीक्षक शोधत बसणार नाहीत.

सुरुवातच बघ. पहिल्या परिच्छेदात शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा आणि 50 टक्के राखीव जागा. दुसऱ्यात 1917 चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. तिसऱ्यात बोर्डिंगांची, म्हणजे जातवार वसतिगृहांची, यादी: 1901 चं व्हिक्टोरिया मराठा, 1906 चं मुस्लिम, 1908 चं मिस क्लार्क. सगळं बरोबर आहे, आणि सगळं कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. आपल्या गावात शाहू महाराजांवर लिहायला बसलं की पेन आपोआप जयंतीच्या भाषणाकडं वळतं. महाराजांचं मोठेपण तुझ्या पीएच.डी.साठी अडून राहिलेलं नाही. जाहीरनामा दरबारातून निघाला, पण बोर्डिंगात रोज सकाळी चूल पेटवायचं काम कुणी केलं, पैसे कुठून आले, सुट्टीत पोरं कुठं गेली, हे तू मोडी वह्या उलगडून बघितलंस. ते तुझं काम. आणि ते येतं थेट चौथ्या पानावर, 'तसेच' या शब्दानं सुरू होणाऱ्या वाक्यात.

ते वाक्य असं: 'उन्हाळी सुट्टीच्या काळातही वसतिगृहाचा भोजनखर्च कमी झालेला दिसत नाही, यावरून अनेक विद्यार्थी घरी जात नसावेत असे अनुमान निघते.' अगं, अख्खा अर्ज या वाक्यावर उभा करता येतो! पोरं घरी का गेली नाहीत? गावी गेलं की परत पाठवणार नाहीत ही भीती, की घरी एक तोंड वाढायला नको म्हणून? की शहरात उन्हाळ्यात काम मिळत होतं? शिक्षणाच्या इतिहासात पटावरचे आकडे सगळेच मोजतात. पोरगं सुट्टीत कुठं झोपलं हे कुणी विचारत नाही.

पण हे वाक्य वर काढण्याआधी ते टिकतं का ते बघू. मला दोन ठिकाणी शंका आहे.

पहिली सालाची. तुझ्या वह्यांवर फसली साल, म्हणजे जुनं महसुली वर्ष, आहे आणि तू सरसकट 590 मिळवून इसवी सन काढलायस. फसली साल मृगाला बदलतं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. जून ते डिसेंबर 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 591. फसली 1318 मधला मे महिना 1909 चा, 1908 चा नव्हे. तुझे सगळे उन्हाळे त्यामुळं एक वर्ष मागं गेलेत, आणि तू ते ज्या हजेरीपटाशी ताडून बघितलेस तो भलत्याच वर्षाचा आहे. आकडे दुरुस्त केल्यावर निष्कर्ष तोच राहील असं मला वाटतं, पण वाटून भागत नाही. त्या समितीत इतिहासाचा एक जरी खडूस माणूस असला तरी तो आधी इथंच बोट ठेवेल.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. मे महिन्यात आपल्याकडं काय होतं? पावसाळ्याची बेगमी. ज्वारी, डाळ, मीठ, सरपण, शेण्या, सगळं मृगाच्या आत भरून ठेवायचं. आजही जुन्या घरांत होतं, तेव्हा तर दुसरा इलाजच नव्हता. मग मे महिन्यातला धान्याचा खर्च हा त्या महिन्यात जेवलेल्या पोरांचा आहे, की पुढच्या चार महिन्यांत जेवणाऱ्या पोरांसाठी भरलेल्या कणगीचा? तू खतावणीतला, म्हणजे खातेवार वहीतला, महिन्याचा एकूण आकडा घेतलायस. त्यावरून हे कळणार नाही. रोजकीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही, उघड. साठवता येत नाही असा खर्च शोध: भाजी, दूध, ताक. दिव्याचं तेल साठवतात, तेव्हा ते सोडून दे. परटाला आणि न्हाव्याला दिलेले आणे बघ. पोरं नसतील तर मे महिन्यात परीट कुणाचे कपडे धुणार? भाजी-दुधाच्या नोंदी सुट्टीतही रोज पडत असतील तर तुझं अनुमान पक्कं. आठवड्यातून एखादीच असेल तर बोर्डिंगात रखवालदार आणि आचारी एवढेच होते. (कुठल्या बोर्डिंगात न्हावी येत होता आणि कुठल्या बोर्डिंगात येत नव्हता, हा वेगळाच लेख आहे. आत्ता त्यात शिरू नकोस, पण नोंदी दिसतील तशा टिपून ठेव.)

एवढं झालं की दोन पानं नव्यानं लिही. पहिल्याच वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात तो आजवर का विचारला गेला नाही, आणि मग सरळ वहीचं एक पान. खरंच एक पान: तारीख, नोंद, रक्कम, आणि त्यावरून तू काय म्हणतेस. परीक्षकांत कुणी तत्त्वज्ञानाचा असेल, कुणी भाषाविज्ञानाचा. बोर्डिंग म्हणजे इंग्रजी शाळेचं महागडं वसतिगृह असंच त्यांच्या डोक्यात असणार. जातवार बोर्डिंगं का निघाली, हे तीन ओळींत सांग. तीनच.

नुसतं दुर्मीळ साधन हाती लागलं म्हणून कुणी पुरस्कार देत नाही. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये तो ब्राँझचा छोटा पोसायडन आहे ना, ब्रह्मपुरीत सापडलेला? ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी मिळाला ही बातमी झाली. पण 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी ब्रह्मपुरीचं टेकाड थराथरानं खणलं, सातवाहनकाळातली वस्ती समोर आली, तेव्हा त्या मूर्तीला आजूबाजूचं गाव मिळालं आणि रोमशी चाललेल्या व्यापाराचं बोलणं पुराव्यानिशी करता आलं. तुझ्या अर्जात 'अप्रकाशित मोडी साधने' हे शब्द वारंवार येतात. एकदा पुरे. 'या विषयावरील पहिलेच संशोधन' तर काढूनच टाक. शोधगंगेवर, त्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, कुणीतरी कुठल्यातरी विद्यापीठात तशाच मथळ्याचा प्रबंध टाकलेला असतो, आणि परीक्षकाला तो सापडायला दोन मिनिटं लागतात.

लेखांची यादीही छाट. तू सात दिलेत. त्यांतले निम्मे कशासाठी लिहावे लागले ते तुलाही माहीत आहे, मलाही. चांगले दोन ठेव.

यावरून एक गंमत सांगते. नॉर्वे सरकारचा होल्बर्ग पुरस्कार मानव्यविद्यांतल्या मोठ्या सन्मानांपैकी एक. 2025 चा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांना मिळाला. त्याला जोडूनच तरुणांसाठी निल्स क्लिम पुरस्कार आहे, नॉर्डिक देशांतल्या 35 च्या आतल्या संशोधकांसाठी. तुझा-माझा तिथं संबंध नाही, पण नाव बघण्यासारखं आहे. क्लिम हा लुडविग होल्बर्गच्या 1741 च्या लॅटिन कादंबरीचा नायक. नुकताच पदवीधर झालेला, बर्गनला परतलेला, गुहेत काय आहे बघायला दोर बांधून उतरतो, दोर तुटतो आणि तो पृथ्वीच्या पोटातल्या जगात जाऊन पडतो. तिथं चालती-बोलती झाडं राहतात. त्यांच्यात ज्याला पटकन समजतं तो उथळ मानला जातो, जो सावकाश समजून घेतो त्याला मोठं पद मिळतं. क्लिमची परीक्षा होते, तो झटपट सगळं आत्मसात करतो, आणि म्हणूनच नापास होतो. पाय तेवढे चपळ, म्हणून राजाचा निरोप्या! तरुण विद्वानांच्या पुरस्काराला हे नाव ज्यानं सुचवलं त्याला विनोद कळत होता. सात लेखांची यादी बघून मला ती झाडं आठवली.

आता वयाचं. तुझ्या सूचनेत 35 ची अट आहे. ही अट कोण घालतं याचं मला नेहमी नवल वाटतं. बावीसाव्या वर्षी एम.ए. आणि सत्ताविसाव्या वर्षी पीएच.डी. होणारी मुलं कुठल्या घरातली असतात? आपल्याकडं तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावपळ करून, लग्न-बाळंतपण सांभाळून, घरात पहिल्यांदाच कुणीतरी संशोधन करतंय म्हणून सगळ्यांना समजावत पोरी चाळिशीला टेकतात. इन्फोसिस पुरस्काराची मर्यादा पूर्वी 50 होती, 2024 पासून 40 केली. तिथं हेतू वेगळा आहे, तरी मला ते रुचलं नाही. तर मुद्दा हा: काही ठिकाणी वय जन्मतारखेवरून मोजतात, काही ठिकाणी पीएच.डी. मिळाल्यापासूनची वर्षं. सूचनेत ते स्पष्ट नाही. बाळंतपणाच्या खंडाबद्दलही काही लिहिलेलं नाही. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला स्त्रियांना वयात 5 वर्षांची सूट आहे, पीएच.डी.च्या मुदतीतही सवलत आहे, तेव्हा विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांना ई-मेल कर, फोनवर विचारू नकोस. उत्तर लेखी असलेलं बरं.

अर्ज इंग्रजीत द्यायचाय म्हणून घाबरू नकोस आणि मशीनवर सोडूनही देऊ नकोस. दोन पानं आधी मराठीत पक्की कर. मराठीत वाक्य गोंधळलेलं असेल तर इंग्रजीत ते सावरत नाही, फक्त भारदस्त दिसतं. मग इंग्रजी विभागातल्या कुणाला तरी दाखव, शक्यतो इतिहास न शिकलेल्या माणसाला. जिथं तो थांबून विचारेल तिथं तुझं काम बाकी आहे.

आणि ज्या काकांनी तुला रोजकीर्दीतल्या आकड्यांच्या खुणा वाचायला शिकवल्या, आण्या-पैचं ते आडव्या-उभ्या रेघांचं लिखाण समोर बसून उलगडून दाखवलं, त्यांचं नाव तुझ्या ऋणनिर्देशात 'व इतर सर्व' मध्ये गेलंय. ते बाहेर काढ आणि जिथं त्यांचं वाचन वापरलंस तिथल्या तळटीपेत घाल. त्यांच्याकडं पदवी नाही हे कारण होऊ शकत नाही.

शिफारसपत्रं दोन मागितलीत. एक मी देते. दुसऱ्यासाठी तू विभागप्रमुखांचं नाव सुचवलंयस, ते नको. ते चांगलं लिहितील, पण सगळ्यांना सारखंच लिहितील. व्हायव्हाला ज्या बाहेरच्या सरांनी तुला अर्धा तास बोर्डिंगांच्या देणगीदारांवरून छळलं, त्यांना विचार. त्यांनी तुझा प्रबंध ओळ न् ओळ वाचला होता, म्हणून तर छळलं. असा माणूस 'हिच्याशी माझं याबाबतीत पटत नाही, पण' असं लिहितो, आणि त्या 'पण'च्या पुढचं परीक्षक नीट वाचतात. पत्र मागताना त्यांना मुदतीच्या आधी निदान तीन आठवडे दे, सोबत नवी दोन पानं जोड. 'सर, तुम्हीच मसुदा सांगा' असले प्रकार करू नकोस.

माझंही पत्र ती दोन पानं आल्याशिवाय निघणार नाही. रोजकीर्दीचं काम आधी. शनिवारी पुरालेखागार बंद, तेव्हा सोमवारी दार उघडायच्या वेळेला पोच आणि फसली 1317 व 1318 चे रुमाल (कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे) एकाच वेळी मागून घे, म्हणजे दोन्ही उन्हाळे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतील. फोटो काढायची परवानगी आदल्या अर्जावर होती, या वह्यांसाठी नवा अर्ज लागेल. दोन प्रती ने.

कळावे,
तुझी मॅडम