एमडीसीमध्ये हॅस्टेलॉय सी-२७६ गंजतो का?

तुमचा प्रश्न असा: एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) आणि मिथेनॉल ही वापरलेली सॉल्व्हंट उकळून परत मिळवताना एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलच्या कंडेन्सर ट्यूब पिटिंग होऊन (बारीक खोल खड्डे पडून) गळल्या, आता व्हेंडर सी-२७६ (निकेलचा मिश्रधातू) घ्या म्हणतोय, पण कोणता धातू कशात टिकतो त्या तक्त्यात तर एमडीसीसमोर ३१६सुद्धा ‘चांगला’ लिहिलाय, मग कोणावर विश्वास ठेवायचा?

तक्ता खोटा नाही. तो शुद्ध, कोरड्या एमडीसीचा आहे आणि तुमचं एमडीसी तसं नाही. मी प्लांट मेंटेनन्समध्ये आहे. सॉल्व्हंटने धातू खाल्ला अशी तक्रार आली की मी आधी त्यात विरघळलेलं काय आहे ते विचारतो. उदाहरणार्थ, एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) टोल्युइनमध्ये असेल तर ते फारसं आयनांत फुटत नाही, धातू बराचसा शांत राहतो. तेच एचसीएल मिथेनॉलमध्ये गेलं की सरळ ॲसिड.

एमडीसीचं दुखणं पाणी. ओलं एमडीसी तापत राहिलं की हळूहळू एचसीएल सुटतं. त्यात पाणी आणि एमडीसी मिळून ३८ अंशांच्या आसपास एकत्र उकळतात, म्हणजे पाणी खाली केटलमध्ये (उकळायच्या भांड्यात) न राहता वाफेबरोबर वर येतं. कंडेन्सरमध्ये थंड झाल्यावर ते वेगळं होतं आणि सगळं एचसीएल त्या थोड्याशा पाण्यात गोळा होतं. तुमचं केटल ठणठणीत आणि कंडेन्सरची चाळण, याचं कारण मला हेच दिसतं. मिथेनॉल असल्यामुळे थर नीट वेगळे होणार नाहीत, पण त्याने ॲसिड कमी होत नाही.

अशा ठिकाणी सी-२७६ नक्कीच टिकाऊ. त्यात साधारण १६ टक्के मॉलिब्डेनम, तेवढंच क्रोमियम, शिवाय थोडं टंगस्टन. क्लोराइडच्या पिटिंगला तो ३१६सारखा बळी पडत नाही. कार्बन ०.०१ टक्क्याच्या आत, म्हणून वेल्डिंगशेजारची पट्टीही सहसा वाचते. पण गरम, कडक एचसीएलमध्ये तोही झिजतो. कोणी हॅस्टेलॉय बी-३ सुचवला तर सावध राहा: शुद्ध एचसीएलला तो सरस, पण क्रोमियम नगण्य असल्याने लाइनमधल्या गंजातून आलेलं फेरिक लोह त्याला झपाट्याने खातं. टायटॅनियम तर नकोच. कोरड्या मिथेनॉलमध्ये ते ताणाखाली तडकतं. १९६६ मध्ये अपोलो यानाची टायटॅनियमची टाकी मिथेनॉल भरून दाब-चाचणी घेताना अशीच फुटली होती.

माल औषधाचा असेल तर फक्त वर्षाला किती मिलिमीटर झिजतं एवढं बघून भागत नाही. सी-२७६ मुख्यतः निकेलचाच, आणि निकेल आयसीएच क्यू३डीच्या (औषधातल्या धातूंच्या अशुद्धींच्या मार्गदर्शक सूचनांच्या) २ए वर्गात येतं, गुणवत्ता तपासणारे क्यूसीवाले विचारणारच.

ऑर्डर देण्याआधी रिकव्हर्ड सॉल्व्हंटचं केएफ (पाण्याचं प्रमाण), क्लोराइड आणि पीएच काढा. मग वेल्ड असलेले कूपन (धातूचे चाचणी-तुकडे) प्लांटमधल्या खऱ्या मदर लिकरमध्ये (उरलेल्या सॉल्व्हंट द्रावणात) रिफ्लक्सवर, म्हणजे ते उकळत ठेवून, लावा: एक द्रवात, एक पातळीच्या रेषेवर, एक वाफेत. विकत आणलेल्या ताज्या ड्रममधल्या एमडीसीत चाचणी करून काही कळणार नाही. फीड न्यूट्रल करून पाणी आधीच काढता आलं, तर कदाचित सी-२७६चा खर्च फक्त कंडेन्सर आणि त्याखालच्या रिसीव्हर लाइनपुरता राहील.