भाऊ अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये करिअर होतं का? पैसे मिळतात का?

पैशांचं आधी उरकतो. आपल्याकडे या खेळात पगार नाही. जर्मनी, स्पेन, इटली, तुर्कस्तानात क्लब आहेत, तिथे वरच्या दर्जाच्या खेळाडूंना पैसे मिळतात. इथे २०१४ पासून फेडरेशन आहे, राष्ट्रीय स्पर्धा होतात, पण भारत या खेळात अजून एकदाही पॅरालिम्पिकपर्यंत पोचलेला नाही. झालं.

खरं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: ‘त्याला छातीखाली ताबा नाही, त्यामुळे बास्केट टाकणं जमेल असं वाटत नाही, मग टीममध्ये कोण घेणार?’

मी घेतला गेलेला आहे. आंब्यावरून पडलो, छातीच्या पातळीवर, डी-६ ला मणका गेला, आणि मी १ पॉइंटचा खेळाडू आहे. पॉइंटचं गणित तुमच्या भावाला कोणीतरी सांगेलच, तरी सांगतो: शरीरावर जितका ताबा तितके पॉइंट, १ पासून ४.५ पर्यंत, आणि कोर्टवरच्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. माझ्यासारखा पोटाचे स्नायू नसलेला १ चा. गुडघ्याखाली पाय नसलेला, पण कंबर शाबूत असलेला ४ किंवा ४.५ चा.

एका स्पर्धेत समोरच्या टीमचा ४.५ वाला असाच होता. उंच, हात हे एवढे. पहिल्या हाफमध्ये त्याने आमची धूळधाण केली. मध्यंतरात कोच मला म्हणाले, “तू बॉलकडे बघूच नकोस. रिंगवरून उडालेला बॉल आपल्याला मिळाला की तो बचावाला परत निघेल. त्याच्या आधी जागा धर आणि खुर्ची आडवी घाल.”

चालणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे खुर्ची बाजूला सरकत नाही. पायावरचा खेळाडू एक पाऊल डावीकडे टाकून निसटतो. खुर्चीवाल्याला मागे घ्यावी लागते, वळवावी लागते, मग पुढे. तो मागे घेई, मी चाक त्याच्या चाकापुढे नेई. तो वळे, मी वळे. (धडक दिली तर फाउल माझा, म्हणून जागा आधी धरायची.) त्याच्या तोंडून काय काय निघालं ते इथे लिहिता येणार नाही. तिकडे दुसऱ्या टोकाला आमचे चौघे त्यांच्या चौघांवर चाल करत होते. हिशोब तुम्हीच करा: आमच्यातला १ गेला, त्यांच्यातला ४.५.

चार गुणांनी जिंकलो. दुसऱ्या हाफमध्ये माझा बॉलला हात लागला नाही.

हा सामना बघायला माझा मोठा भाऊ रात्रभर एसटीने बसून आला होता. सामना संपल्यावर त्याचं पहिलं वाक्य, “अरे, तुला कोणी बॉलच देत नव्हते की!” मग त्याने स्कोअरशीट बघितली. माझ्या नावापुढे शून्य. घरी जाऊन आईला सांगितलं, चांगली माणसं आहेत, बिचाऱ्याला सांभाळून घेतात.

बिचाऱ्याला! दादा, आमच्या कोचचं मन इतकं मोठं नाही रे. मी वेळेवर पोचलो नाही तर ते आईवरून शिव्या घालतात. जो ४.५ वाला तुला हिरो वाटला त्याला दुसऱ्या हाफमध्ये मी अडकवून ठेवला होता, आणि तू टाळ्या त्याच्यासाठी वाजवत होतास.

असो. तुमच्या भावाने आधी टीमची खुर्ची वापरून बघावी. तिरप्या चाकांची स्वतःची खुर्ची लाखाच्या घरात जाते, पहिल्याच महिन्यात घेऊ नका. इनडोअर कोर्ट मिळेल अशी आशा धरू नका. आम्हाला एका संकुलाने ‘टायरने फ्लोअर खराब होतो’ म्हणून हाकललं, तेव्हापासून सिमेंटवर सकाळी सहाला खेळतो आणि टायर भराभर झिजतात. आणि कुशनवर पैसे वाचवू नका. मी वाचवले. बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) झाला, चार महिने पालथा पडून काढले.

नोकरीही सोडू नका, नसली तर मिळवा. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के राखीव जागा आहेत. परीक्षेचा फॉर्म मला दादानेच भरायला लावला होता, त्या पगारावरच माझे टायर येतात. एवढं त्याचं मान्य.

मी राज्याबाहेर दोनदाच खेळलोय, त्यामुळे राष्ट्रीय संघाच्या निवडीबद्दल मला विचारू नका. पण भाऊ १ किंवा १.५ पॉइंटचा निघाला तर जरूर कळवा. आमच्याकडे ४ वाले दोघे आहेत, आणि १ वाला मी एकटा. मी आजारी पडलो की दोघांना एकत्र उतरवायची पंचाईत होते.