गुळवेल आईंना द्यायची का? आधी खोड आडवं कापून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की शेजारच्या काकूंनी गिलोयचा, म्हणजे गुळवेलीचा वेल आणून दिलाय, आई ६४ वर्षांच्या, थायरॉइडची आणि शुगरची गोळी चालू, गुडघे दुखतात, तर रोज सकाळी रस द्यायचा का आणि हिला अमृता का म्हणतात. आधी उत्तर सांगते मग कारणं. आईंना सध्या देऊ नका. गुळवेल वाईट म्हणून नाही, माझा तर हिच्यावर जीव आहे, पण औषध आहे ते, चहा नाही.

माझे सासरे वैद्य होते, इथेच इंदूरला रामबागेत दवाखाना, आणि लग्न झाल्यापासून २५ वर्षं काष्ठौषधी, म्हणजे झाडापाल्याची औषधं, निवडणं, कुटणं, काढे गाळणं माझ्याकडे होतं, त्यामुळे हातातून बरीच गेली आहे ही वेल.

पहिला मुद्दा थायरॉइडचा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ६ पेशंटबद्दल लिहिलं, सगळे गुळवेल घेत होते आणि लिव्हरला इजा झालेली. तेव्हा आयुष मंत्रालयाने सांगितलं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात चुकून घेतली गेली असेल. मलाही तेव्हा तेच पटलं होतं. पण २०२२ मध्ये देशभरातल्या हॉस्पिटलांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला आणि त्यात तपासलेली वेल खरी गुळवेलच निघाली, म्हणजे सगळा दोष चुकीच्या वेलीवर टाकता येत नाही. बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्यून लक्षणं होती, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते ना, तो प्रकार. आणि बायकांना थायरॉइड कमी होण्यामागे बरेचदा हेच कारण असतं, हाशिमोटो म्हणतात त्याला. डॉक्टरांना विचारून आईंची टीपीओ अँटीबॉडी (हाशिमोटोचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) आणि लिव्हरची टेस्ट करून घ्या, अँटीबॉडी वाढलेली निघाली तर गुळवेलीचा विषयच बंद.

शुगरचं माझ्याच घरात घडलंय. लॉकडाऊनमध्ये माझी आई माझ्याकडे होती, शुगरची गोळी चालू आणि वर कोणाचं तरी ऐकून दिवसातून तीनदा गुळवेलीचा काढा, मला वाटलं घरचीच वेल आहे, पिऊ दे. आठवडाभराने सकाळी ओट्यापाशी उभी असताना एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर बघितलं तर साखर ६२. गूळपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी सावरली. गुळवेल साखर खाली आणते आणि गोळीही आणते, दोन्ही मिळून किती आणतील ते कोणी मोजलेलं नव्हतं, मी सुद्धा नाही, आणि इतकी वर्षं दवाखान्यात काढून मला ते सुचलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

आणि गुडघे. गुळवेलीचा खरा हातखंडा वातरक्तावर, म्हणजे सांधा लाल होतो, तापतो, ठणकतो ते दुखणं, म्हणून तर कैशोर गुग्गुळ या औषधात ती त्रिफळ्याबरोबर असते. वयाने झिजलेला गुडघा म्हणजे संधिगत वात, त्याची चिकित्सा वेगळी. कडू रस पिऊन तो गुडघा मोकळा होईल अशी आशा आईंना लावू नका.

आता काकूंच्या वेलीचं. वाया घालवू नका, पण आधी ओळखा. अंगठ्याएवढं जाड खोड घ्या, वरची कागदासारखी पातळ साल नखाने ओढली की सुटते आणि आत हिरवं लागतं. मग खोड आडवं कापा, गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतील, संस्कृतात हिचं एक नाव चक्रलक्षणा आहे ते यावरूनच. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, मागे लव असेल तर ती दुसरी जात. आणि खोडावर चामखिळीसारखे खूप उंचवटे असतील, कापल्यावर दुधासारखा चीक येत असेल तर सरळ फेकून द्या, मंत्रालयाने ज्या जातीबद्दल सांगितलं होतं ती हीच. चव बघायची घाई नको, दोन्ही कडूच असतात.

बाजारातलं विचाराल तर इथल्या मरोठिया बाजारात वाळलेले तुकडे मिळतात, नीमचची औषधी वनस्पतींची मंडी आपल्याच राज्यात असल्यामुळे आपल्याकडे काष्ठौषधींची कमी नाही. पण वाळलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने काही औषधं कायम ओलीच वापरायची असं सांगितलंय, अडुळसा, शतावरी, अश्वगंधा आणि त्यातच गुळवेल, आणि ओल्या वनस्पतीचं प्रमाण एरवी दुप्पट धरतात तसं यांचं धरायचं नाही हेही सांगितलंय. सासरे म्हणून मागच्या कडुनिंबावर चढवलेलीच वेल वापरायचे, ज्या दिवशी काढा करायचा त्याच दिवशी कापायची. ज्याला चालते त्याला काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड, ठेचून सोळापट पाण्यात उकळायचं आणि आठवा हिस्सा उरला की गाळायचं, ते सुद्धा वैद्याने सांगितलेले दिवसच. वर्षानुवर्षं रोज ग्लासभर रस हे मी तरी कोणत्या ग्रंथात पाहिलेलं नाही.

अमृता का, तर भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात गोष्ट आहे की रावणाशी लढाईत मेलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडलं आणि त्यांच्या अंगावरून थेंब जिथे जिथे ओघळले तिथे ही वेल उगवली. पण मला तिचं दुसरं नाव जास्त आवडतं, छिन्नरुहा, कापली तरी उगवणारी. एकदा आमच्या गड्याने वेल चुकून मुळाजवळ तोडली, मी हळहळत बसले, आणि काही दिवसांनी बघते तर वरच्या खोडातून सुतळीसारखी मुळं खाली लोंबायला लागलेली, पावसाळा संपायच्या आत ती जमिनीला टेकली. वरची पानं हिरवीच होती सगळा वेळ. चरकाने मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धीला बळ देणारी औषधं, चार सांगितली त्यात हिचा स्वरस, म्हणजे ताजा रस आहे, तेव्हा नाव काही उगाच मिळालेलं नाही.

आईंनी आधीच दोन-चार दिवस घेतली असेल तर डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, जेवण नको वाटणं, यातलं काही दिसलं तर बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि गुळवेल घेतल्याचं आठवणीने सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. आणि वेलीचा फोटो टाका, पानाची मागची बाजू आणि खोडाचा ताजा आडवा काप दोन्ही उजेडात काढून, मी बघून सांगते.