“आवाज मलाच येतो, घरात कुणालाच नाही”

रात्री सगळं सामसूम झालं की ‘घूंऽऽ’ सुरू होतं, नवऱ्याला येत नाही, मुलांना येत नाही, मला वेड तर लागत नाही ना? हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. घरच्यांनी निकाल बहुधा आधीच दिलेला असतो, म्हणून तर माणूस समुपदेशकाकडे धाडलेला असतो.

ठाण्याच्या एक काकू अशाच आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइलवरचं ॲप घेऊन बेडरूमच्या मधोमध उभे राहिले होते. आकडा तिशीच्या आसपास. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, त्यामुळे तक्रार निकालात. काका झोपतात हॉलमध्ये.

“बहिणीकडे गेलात तेव्हा?”

“चिपळूणला? तिथे गाढ झोपले हो मॅडम!”

दोष कानात असता तर तो चिपळूणलाही सोबत गेला असता. मी त्यांना आवाजाच्या वेळा लिहायला आणि एकदा घराचा मेन स्विच बंद करायला सांगितलं. स्विच बंद, तरी आवाज चालू. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. गच्चीवरचा प्रेशर पंप!

एका ध्वनितज्ज्ञ मित्राने मग मला गणित समजावलं. पंपाचे मिनिटाला सुमारे २९०० फेरे म्हणजे सेकंदाला ४८. त्या आवाजाची अर्धी लाट जवळजवळ बारा फुटांची, आणि काकूंची खोलीही तेवढीच. अशा खोलीत आवाज समोरासमोरच्या भिंतींशी दाटतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. काकूंची उशी भिंतीला टेकलेली, आणि सेक्रेटरींनी मोजलं मधोमध. शिवाय नेहमीचं डेसिबल-ए मोजमाप (माणसाच्या कानाला कोणता सूर किती ऐकू येतो त्याप्रमाणे जुळवलेलं) इतक्या खालच्या सुराला सुमारे ३० डेसिबल कमीच धरतं.

“आज काकांना तुमच्या उशीवर झोपवा,” मी म्हटलं.

पुढच्या वेळी काका स्वतः सोबत आले. “मॅडम, हिचं खरं होतं.” काकूंचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आवाज तसाच आहे, पण काल झोप लागली.”

पंपाला अजून कुणी हातही लावला नव्हता! झोप उडवत होती ती ‘माझं कुणी खरं मानत नाही’ ही जखम. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेने काम करते; त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या विचाराने होतो, असं ही वाट मानते. या वाटेवरच्या पुष्कळांना समोरच्याचा विचार खोडायची घाई असते. मी आधी घटना तपासते, आणि हा क्रम मला आजवर उपयोगी पडला आहे.

पुढे पंपाखाली रबरी पॅड आले, आवाज बराच उतरला. तरी काही रात्री काकू त्याची वाट बघत जाग्या राहत. तेव्हा मात्र ‘मला सहनच होणार नाही’ या वाक्यावर आम्ही काम केलं. ‘आवडत नाही, पण निभावेल’ इथवर यायला वेळ लागला.

तुमच्याकडे असं असेल तर उशी भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्याकडे सरकवून पाहा. कानात बोळे घालू नका. वरचे आवाज अडतात आणि खालची घरघर उघडी पडते. त्यापेक्षा पंखा चालू ठेवा. आवाज परगावीही पाठ सोडत नसेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि उगम कधीकधी सापडतच नाही: इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९७०च्या दशकात पुष्कळांनी अशाच गुणगुणीची तक्रार केली, सर्वांना पटेल असं कारण मिळालं नाही. अशा वेळी शोधाला तारीख ठरवून द्यावी आणि त्यानंतर झोपेवर काम सुरू करावं.