अंदमानच्या स्कूबा कोर्ससाठी कर्ज काढावं का?

परळच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरअखेर लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, जाऊन स्कूबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली उतरण्याचा, ओपन वॉटर हा नवशिक्यांचा प्रमाणपत्र कोर्स करायचा आहे. एजंटाचा आकडा 1,64,000 रुपये: विमान 44,000, सहा रात्रींचं राहणं 36,000, दोन कोर्स 58,000, बोट-टॅक्सी-जेवण 26,000. हाताशी 44,000 आहेत. उरलेल्या 1,20,000 साठी 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं, की 2,70,000 ची एफडी मोडावी? दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,12,000. त्यातून घराचा हप्ता 36,000, घरखर्च 38,000 आणि एसआयपी 15,000 जाते. ताईंना पोहता येत नाही. त्यांच्या यजमानांना लहानपणी दमा होता.

ताई, कर्जही नको, एफडीही नको आणि डिसेंबरही नको. मार्चमध्ये जा.

कर्जाचा हप्ता साधारण 5,760 रुपये बसेल. महिन्याला 23,000 शिल्लक राहत असताना तो जड वाटणार नाही, आणि फसगत होते ती इथेच. दोन वर्षांत 18,000 च्या वर व्याज जाईल. प्रोसेसिंग फी 2 टक्के असेल तर तिचे 2,400 आणि त्यावर जीएसटी 432. म्हणजे 21,000 रुपये नुसते डिसेंबर गाठण्यासाठी, एका कोर्सच्या फीच्या जवळजवळ पाऊण. एफडी मोडलीत तर ती जितके दिवस ठेवली तितक्याच मुदतीचा दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा-एक टक्का कापतात. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. तुमचा न टळणारा खर्च महिन्याला 74,000 आहे आणि एफडी त्याला जेमतेम साडेतीन महिने पुरते. 1,20,000 काढले की दोन महिने उरतात. दोन पगारांवर घराचा हप्ता चालवणाऱ्यांनी तो पैसा सहलीला लावू नये. एफडीवर कर्ज काढणं पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं, पण तेवढी रक्कम अडकून पडते, म्हणून तेही नको.

5 सप्टेंबरपासून 20,000 ची सहा महिन्यांची आरडी सुरू करा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात 1,20,000 आणि वर दोनेक हजार व्याज हातात येईल. विमानाची तिकिटं आज जवळ असलेल्या 44,000 तून आधीच काढून ठेवा. होळीला जोडून आलेली सुट्टी टाळली तर वर्षअखेरीपेक्षा ती सहसा स्वस्त मिळतात. एसआयपी थांबवू नका.

हे सहा महिने तुम्हाला आणखी एका कामासाठी लागणार आहेत. ओपन वॉटरचं प्रमाणपत्र मिळवायला 200 मीटर न थांबता पोहावं लागतं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगावं लागतं. तिथे जाऊन हे जमलं नाही तर एका कोर्सचे 29,000 परत मिळतील अशी आशा धरू नका. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात किंवा पालिकेच्या दुसऱ्या एखाद्या तलावात आताच नाव घाला. जानेवारीअखेर 200 मीटर होत नसतील तर कोर्स सोडून दोघं प्राथमिक डाइव्ह करा. त्याला पोहता यावंच लागत नाही, प्रशिक्षक सोबत असतो, खोली 12 मीटरपर्यंत, आणि खर्च कोर्सच्या काही अंशात भागतो. कोर्स 18 मीटरपर्यंतचा परवाना देतो, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा डाइव्ह करणार असाल तरच त्याचे पैसे वसूल होतात.

यजमानांचं काम त्याहून निकडीचं. डाइव्ह सेंटरचा मेडिकल फॉर्म आत्ताच मागवा. दम्याच्या प्रश्नाला उत्तर 'हो' आलं की डॉक्टरांची लेखी परवानगी लागते, आणि ती नसेल तर सेंटर पाण्यात उतरू देत नाही. वर येताना फुप्फुसात हवा अडकली तर ती प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं, म्हणून हा कागदी सोपस्कार समजू नका. छातीच्या डॉक्टरांना इथेच दाखवा आणि त्यांची सही मिळेपर्यंत सेंटरला एक रुपयाही भरू नका.

एजंटाचा कार्यक्रमही बदलून घ्या. शेवटचा डाइव्ह सहाव्या दिवशी दुपारी एकला संपतो आणि विमान सातव्या दिवशी सकाळी साडेसहाला, म्हणजे मध्ये साडेसतरा तास. अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, कधी लकवाही मारतो. थिअरी मुंबईतच ऑनलाइन संपवा. मग दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यातला सराव, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-दोन डाइव्ह, पाचवा दिवस राखीव. सर्दीने कान मोकळे होईनात किंवा खराब समुद्रामुळे बोट रद्द झाली तर हाच दिवस कामी येतो. सहाव्या दिवशी बोटीने परत येऊन मुक्काम पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला.

विम्याचं बघा. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादात स्कूबा येतं ते व्यावसायिक म्हणून केलं तर, हौशी माणसासाठी नाही. प्रवास विमा आणि अपघात विम्याची कलमं मात्र कंपनीगणिक निराळी असतात. प्रशिक्षकासोबतचा डाइव्ह आणि हायपरबॅरिक चेंबरचे, म्हणजे बुडबुड्यांच्या त्रासावर जास्त दाबाच्या खोलीत होणारे, उपचार धरले आहेत का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. सेंटरकडूनही 29,000 मध्ये साहित्याचं भाडं, बोट आणि प्रमाणपत्राची फी धरली आहे का आणि कोर्स रद्द झाला तर किती कापतात, हे लेखी घेऊन मगच आगाऊ रक्कम पाठवा.