अलेक्झांडर आणि सिकंदर हे एकच नाव आहे का? मुलाला ठेवलं तर चालेल का?

एकच आहे. माझंच नाव सिकंदर, राहणार सोलापूर, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

मूळ ग्रीक 'अलेक्झांद्रोस', म्हणजे माणसांचं रक्षण करणारा. जग जिंकायला निघालेल्या मॅसिडोनियाच्या सिकंदर राजाच्याही आधीचं नाव आहे. इलियड या ग्रीक महाकाव्यातल्या पॅरिस नावाच्या राजपुत्राला याच नावानं हाक मारतात. अरबांना सुरुवातीचा 'अल' आपल्याच भाषेतला वाटला, तो त्यांनी सुटा केला, 'क्स'चा 'स्क' झाला आणि उरला इस्कंदर. फारसीतून आपल्याकडं आला तो सिकंदर.

मुलाचं नाव इस्कंदर ठेवायचं मी ठरवलं, तेव्हा अकिक्याच्या, म्हणजे आमच्यातल्या बाळाच्या जन्मानंतरच्या विधीच्या, जेवणात सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "बुतपरस्त (मूर्तिपूजक) राजाचं नाव आपल्या पोराला?" मी म्हटलं, अब्बा, दिल्लीचा सिकंदर लोदी कोण होता मग? तिकडं सुमात्रात 1607 ते 1636 आचेहवर राज्य केलं तो सुलतान इस्कंदर मुदा? लांब कशाला, आपल्या शेजारच्या विजापूरचा शेवटचा आदिलशहा सिकंदरच की! त्यावर सासरे शांतपणे म्हणाले, "तोच ना, औरंगजेबाच्या हवाली विजापूर करणारा?" सगळी पंगत हसली, त्यात माझी बायकोही.

तर अब्बा, हे वाचत असाल तर ऐका. तो 1672 साली गादीवर बसला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. दरबारातले सरदार आपसात भांडून राज्य खात होते. 1686 मध्ये विजापूर पडलं तेव्हा हा अठरा वर्षांचा पोरगा काय करणार होता? नावाचा काय दोष त्यात?

बाकी रूपं पुष्कळ आहेत. स्पेनमध्ये अलेहांद्रो, हंगेरीत शांदोर, स्कॉटलंडात अ‍ॅलिस्टर. रशियात घरी साशा म्हणतात, पण ते मुलींनाही चालतं. नुसतं 'अलेक्स' ठेवू नका, अर्धवट वाटतं.

बिनधास्त ठेवा, सासुरवाडीला विचारत बसू नका. फक्त मॅसिडोनियाचा तो राजा स्वतः बत्तिसाव्या वर्षी बाबिलोनमध्ये वारला, तेव्हा घरात शकुन-अपशकुन बघणारी म्हातारी माणसं असतील तर ही माहिती जन्मदाखला हातात पडल्यावरच सांगा. आमच्याकडं दाखल्यावर इस्कंदर आहे. अब्बा अजून मुन्नाच म्हणतात.