शाळा म्हणते हमीपत्र द्या नाहीतर दाखला घ्या, काय करू?

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडा कापून देतोय:

"मुलगा सहावीत आहे. शाळा खाजगी, अनुदान नाही पण मान्यता आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पण वाचताना अडखळतो, लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, पेपर निम्मा कोराच राहतो. सुट्टीत सायकॉलॉजिस्टकडे टेस्ट केली, डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया निघालं. रिपोर्ट शाळेत दिला तर मॅडम म्हणाल्या 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा मग बघू, आणि एकासाठी वेगळे नियम केले तर बाकीचे पालक भांडायला येतील, त्यापेक्षा स्पेशल शाळा बघा. आता एक हमीपत्र हातात दिलंय, त्यात लिहिलंय की आम्ही कुठलीही सवलत मागणार नाही आणि वार्षिकला 35 टक्के पडले नाहीत तर स्वतःहून दाखला काढून घेऊ. वर्गात त्याला उभं करून मोठ्याने वाचायला लावतात, मुलं हसतात, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडतो. मिस्टर म्हणतात सही करून टाक, शाळेशी वैर नको. सही करू का? केस करता येते का?"

ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी. आणि तुमचं पत्र पोचेपर्यंत मिस्टरांनी करून टाकली असेल तरी डोक्याला हात लावून बसू नका, कायद्याने मुलाला दिलेला हक्क आईबापाच्या सहीने संपत नाही. करार कायद्याचं कलम 23 सांगतं की ज्या कराराचा हेतू कायद्याच्या विरुद्ध आहे किंवा ज्याने कायदा निष्फळ होईल तो करार रद्दबातल, आणि शिक्षण तर संविधानाच्या 21-अ मधला मूलभूत हक्क आहे. फक्त सही केलेली असली तर शाळा तोच कागद दरवेळी नाचवत बसते म्हणून नाही करायची. आणि तोंडी "आम्ही नाही देणार" म्हणूनही येऊ नका. "हमीपत्र वाचून कळवतो" म्हणा, फोटो काढून घ्या, मूळ प्रत त्यांनी परत मागितली तर देऊन टाका. तो फोटो पुढे तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, कारण मुलाला काढायचा विचार आहे हे शाळेने स्वतःच लिहून दिलंय!

आता 40 टक्क्यांचं. हा घोळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता रागही येत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मधे झाला, एप्रिल 2017 पासून लागू आहे, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातलं एक, डिस्लेक्सिया डिस्ग्राफिया ही नावं परिशिष्टात स्पष्ट छापलेली आहेत. त्याच कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत, एक साधी दिव्यांग व्यक्तीची आणि दुसरी 40 टक्के किंवा जास्त असलेल्यांची. 40 टक्के लागतात ते आरक्षण वगैरे ठराविक गोष्टींना. वर्गात मुलाला समजून घेऊन शिकवायला 40 टक्के लागतात असं कुठेही लिहिलेलं नाही. 2021 मधे सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमधे हेच सांगितलं, त्या उमेदवाराला लिहिताना हाताला गोळे यायचे, आयोग म्हणत होता तू 40 टक्क्यांत बसत नाहीस म्हणून लेखनिक नाही, कोर्ट म्हणालं हा निकष इथे लावताच येणार नाही. मग केंद्राने 2022 च्या ऑगस्टमधे 40 च्या खालच्या पण लिहायला त्रास असणाऱ्या उमेदवारांसाठीसुद्धा वेगळ्या सूचना काढल्या. हे सगळं मोठ्या परीक्षांचं झालं, तुमच्या सहावीच्या युनिट टेस्टचं काय घेऊन बसलात.

उलट मजा बघा, मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर योग्य उपाय करणं हे या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे शाळेच्या बाजूचं काम आहे. म्हणजे जे शाळेने पहिली-दुसरीत बघायला हवं होतं ते तुम्ही पदरचे पैसे घालून करून दिलंत आणि वर तुम्हालाच सर्टिफिकेट विचारतायत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर शाळेचा वकील सांगेल आणि तुम्ही गडबडाल. कलम 16 ची भाषा अशी आहे की सरकारने आपल्या मान्यतेच्या आणि अनुदानाच्या शाळा सर्वसमावेशक शिक्षण देतील असा प्रयत्न करावा. म्हणून ते म्हणतील बंधन सरकारवर आहे, आमच्यावर नाही. त्याला उत्तर आहे. एक तर कलम 3 मधे दिव्यांगत्वावरून भेदभाव करायला बंदी आहे, आणि "भेदभाव" या शब्दाच्या व्याख्येतच वाजवी सुविधा (म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे केलेले झेपतील असे बदल) नाकारणं हा भेदभाव असं धरलंय. दुसरं, मान्यता देणारा शिक्षण विभाग आहे, तेव्हा पत्राची एक कॉपी शिक्षणाधिकाऱ्यांना गेली की "सरकारने बघावं" हा मुद्दा आपोआप मिटतो, सरकारने बघावं म्हणूनच तर पाठवली! पण "वाजवी" या शब्दाला अर्थ आहे बरं का, शाळेवर झेपणार नाही असा बोजा पडेल ते मागता येत नाही. त्यामुळे मागताना डोकं वापरा.

म्हणजे कसं, तर "माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे" असं लिहू नका. बहुतेक पालकांची पत्रं अशीच असतात, पान दीड पान भावना आणि शेवटी नम्र विनंती, त्यावर शाळा "लक्ष देत आहोत" असं एका ओळीत उत्तर देते आणि विषय संपतो. तुम्ही असं लिहा की वर्गात त्याच्या मर्जीशिवाय त्याला मोठ्याने वाचायला लावू नये. फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ पुरत नाही तेव्हा फोटो काढून किंवा दुसऱ्याच्या वहीची झेरॉक्स द्यावी. पेपर मोठ्या टाइपात छापावा आणि प्रश्न एकदा वाचून दाखवावा. भाषा सोडून बाकी विषयांत स्पेलिंगचे मार्क कापू नयेत. तासाला 20 मिनिटं वेळ वाढवून द्यावा. बघा, यात शाळेचा खर्च किती? झेरॉक्सचा. मी एका केसमधे हीच यादी घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसलो होतो, आधी ते "आमच्याकडे सोय नाही" या एकाच वाक्यावर अडून होते, मी एकेक ओळ वाचून विचारत गेलो यात नेमकी कुठली सोय लागते, चौथ्या ओळीला त्यांनी स्वतःच पेन काढलं आणि समोर टिक करायला लागले. कोर्टात जावं लागलं नाही.

वीस मिनिटांचा आकडा मी मनाने नाही लिहिला. केंद्राने 2018 मधे लेखी परीक्षांसाठी ज्या सूचना काढल्या त्यात तासाला कमीत कमी 20 मिनिटं आहेत, आणि त्यात "जादा वेळ" हा शब्द बदलून "भरपाईचा वेळ" असा करायला सांगितलंय. शब्दात फरक आहे. जादा म्हटलं की उपकार वाटतो, भरपाई म्हणजे जे मुळात कमी पडतंय ते भरून देणं. तुमच्या पत्रात "सवलत" हा शब्द मला नको, "वाजवी सुविधा" लिहा. याच कायद्याच्या कलम 17 मधे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे बदल नावानिशी दिलेत, दहावीला ते लागतील, आणि बोर्डाला मात्र सरकारी सर्टिफिकेट लागतं. म्हणून केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीसाठी (म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज आत्ताच करा, प्रायव्हेट रिपोर्ट तिथे चालत नाही, सरकारी हॉस्पिटलची तपासणी होते आणि नंबर लागायला वेळ जातो. शाळेने मागितलं म्हणून नाही, पुढे उपयोग आहे म्हणून.

बाकीचे पालक भांडतील म्हणतात. भांडू देत. एखाद्या साक्षीदाराला बोलता येत नसेल तर कोर्टाने दुभाषाची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेऊन त्याची साक्ष नोंदवायची हे साक्ष कायद्यातच आहे, म्हणून समोरच्या पार्टीवर अन्याय झाला असं मी अजून कुणाला म्हणताना ऐकलं नाही. फक्त तुम्ही शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका आणि रिपोर्ट तर अजिबात टाकू नका, तो पोराचा खाजगी कागद आहे.

आता 35 टक्के आणि दाखला. इथे दुसरा कायदा येतो, शिक्षण हक्काचा, 2009 चा, ज्याला सगळे आरटीई म्हणतात. (योगायोग असा की यातही 16 आणि 17 हीच कलमं कामाची आहेत, पत्रात कायद्याचं नाव लिहायला विसरू नका नाहीतर शाळेचे लोक चुकीचं पान उघडून बसतील.) आरटीईच्या कलम 16 मधे 2019 ला बदल झाला, पाचवी आणि आठवीत फेरपरीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, पण आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही हे जसंच्या तसं आहे. तुमचा सहावीत आहे. "स्वतःहून दाखला काढून घेऊ" असं लिहून मागतायत ते यासाठीच, त्यांना काढता येत नाही म्हणून तुम्ही काढून न्यावं अशी योजना आहे. आणि स्पेशल शाळेचं म्हणाल तर 2016 च्या कायद्याचं कलम 31 जवळची शाळा की स्पेशल शाळा ही निवड मुलाची ठेवतं. ते कलम 40 टक्क्यांच्या पुढच्यांसाठी आहे हे खरं, पण 40 च्या वरच्या मुलालाही जिथे शाळा ढकलू शकत नाही तिथे त्याखालच्याला कशी ढकलेल? (त्याच कलमात मोफत शिक्षण लिहिलंय म्हणून खाजगी शाळेची फी माफ होईल असं मात्र धरून चालू नका.)

शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का ते तेवढं बघून घ्या. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या प्रमती निकालाने अशा शाळांना आरटीई लागू होत नाही. तसं असेल तर पत्रात आरटीईवर जोर देऊ नका, दिव्यांग कायद्यावर द्या, त्यात अल्पसंख्याक शाळांना अशी सूट नाही.

उभं करून वाचायला लावण्याबद्दल. आरटीईचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं आणि करणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. दिव्यांग कायद्याचं कलम 92 याहून कडक आहे, लोकांसमोर मुद्दाम अपमान केला तर 6 महिने ते 5 वर्षं शिक्षा. कुणीतरी तुम्हाला हे सांगेलच आणि म्हणेल पोलिसात जा. मी म्हणेन आत्ता नको. "मुद्दाम" सिद्ध करावं लागतं, आणि पन्नास पोरांच्या वर्गात रोज नंबराने वाचन घेणाऱ्या बाईंना बहुतेक वेळा कुणी रिपोर्ट दाखवलेलाच नसतो, तो ऑफिसच्या कपाटात पडलेला असतो. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, रिपोर्टची कॉपी हातात द्या. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे आरटीईच्या कलम 24 मधे शिक्षकांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, पण हे त्यांना ऐकवायला म्हणून नाही, ठरवून घ्यायला म्हणून जा. पत्र दिल्यानंतरही तेच चालू राहिलं तर मग कलम 92 बोलू, तेव्हा "माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरलेली नसेल.

केसचं विचारलंत. हायकोर्टात रिट (हक्क डावलला म्हणून थेट अर्ज) होते, पण ती पहिली पायरी नाही. आधी मुख्याध्यापकांना पत्र, दोघांच्या सहीने, मिस्टरांचीही हवी म्हणजे "घरातच एकमत नाही" हे ऐकावं लागणार नाही. पत्र द्यायला स्वतः जा, दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा. कुठलीही तोंडी मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी "आज आपण असं म्हणालात" असा चार ओळींचा मेल टाका. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर दोन दारं आहेत. आरटीईच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (महापालिका, जिल्हा परिषद वगैरे) लेखी तक्रार, त्यांनी 3 महिन्यांत निकाल द्यायचा आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दुसरं दार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं, ऑफिस पुण्यात आहे. त्यांना चौकशीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, शाळेला कागद घेऊन बोलावता येतं. त्यांचा आदेश शिफारशीच्या स्वरूपाचा असतो हे खरं, पण शिफारस आल्यावर 3 महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं आणि पाळली नाही तर कारण द्यावं लागतं. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर 50 हजार ते 5 लाख दंड आहे. माझा अनुभव विचाराल तर दंडापेक्षा ती बोलावण्याची नोटीसच जास्त काम करते.

वैर होईल ही मिस्टरांची भीती खोटी नाही, ती मी उडवून लावणार नाही. पण ज्या शाळेने काढायचा कागद तयार ठेवलाय तिच्याशी गोडीत राहून मार्चमधे काय होणार आहे ते त्यांना विचारा. पत्राची भाषा मऊ ठेवा, मागण्या नेमक्या ठेवा, धमकी एकही नको. आणि पोराला हे सगळं सांगत बसू नका, त्याला एवढंच सांगा की उभं राहून वाचायचं बंद करायला आपण सांगितलंय.

पत्र टाइप करून झालं की देण्याआधी मला पाठवा, मुलाचं आणि शाळेचं नाव झाकून. हमीपत्राचा फोटोही पाठवा, त्यातला 35 टक्क्यांचा परिच्छेद मला शब्द न् शब्द बघायचाय.